यमुनाकाकूंची नेर्त्ती

यमुनाकाकू भिजवलेल्या भाताच्या बियाण्याचं पोतं आपल्या जुन्या सुती साडीत गुंडाळतात आणि तान्ह्याचा ताप पाहावा तसा त्यावर हात ठेवतात. "जागं होतंय गे," असं हळूच सांगतात.

आम्ही तंजावूरकडची मराठी माणसं; काकू तिथल्याच पापनाशमजवळ शेती करतात. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच, त्यातून शेतकी शिकणारी. म्हणून दूरच्या नात्यातल्या काकूंनी मला पहिल्या वर्षीच डॉक्टर ठरवून टाकलं. आदल्या हंगामात त्यांच्या भाताची पानं टोकापासून वाळत गेली होती. पुन्हा तसं झालं तर शेत दुसऱ्याला कसायला द्यायचं, असं चेन्नईच्या मुलाने बजावलं होतं. काकूंना ते मुळीच नको होतं.

मी चाचरतच सांगितलं की हा जिवाणूंचा रोग बियाण्यातूनही येतो, पेरण्याआधी 'नेर्त्ती' करा. बियाण्याला औषध लावायच्या या बीजप्रक्रियेला आमच्या वर्गात हाच तमिळ शब्द. काकूंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला: मारिअम्मा देवीला नेर्त्ती बोलून झाली, पीक वाचलं तर नव्या तांदळाच्या पिठाचे दिवे लावणार. बियाणं मात्र कोरडंच होतं. तमिळमध्ये नवसालाही नेर्त्ती म्हणतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तंजावूरहून औषधाची पुडी घेऊन मी बसने धावत गेले. या पुडीत चांगले जिवाणू आहेत, ते रोगाच्या जिवाणूंना आवरतात, पुडी पाण्यात कालवून त्यात बियाणं रात्रभर भिजवायचं, असं समजावलं.

"जंतूंवर जंतूच सोडायचे? मग ही आपली भाऊबंदकीच की," काकू म्हणाल्या आणि हसता हसता खालीच बसल्या.

खोटा धीर देववेना. शेजारच्या शेतातल्या पाण्यातून रोग आला तर ही पुडी पुरी पडेलच असं नाही, हेही मी सांगून टाकलं. काकूंनी पुडी पदराच्या टोकाला बांधली.

"मग बी तू बघ, पाणी देवी बघेल. अस्कं ओझं एकीवरच कशाला घालायचं?"

कापणीच्या सुमारास मुलगा आला. बांधावरून भरलेल्या लोंब्या पाहिल्या आणि पुढच्या वर्षी कोणतं बियाणं घेणार, एवढंच त्याने आईला विचारलं. शेजारचं पाणी शिरतं त्या कोपऱ्यात मात्र थोडी पानं पिवळी पडली होती.

काकूंनी देवळात बोललेले सगळे दिवे लावले. एक माझ्याही हाती दिला आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "कोपऱ्याचं इथं काढू नकोस गे. तिला वाईट वाटेल."