एस्तेरमावशींचे भ्याव

एस्तेरमावशींनी माझा हात पहिल्यांदा धरला तो प्रार्थनेसाठी नव्हे, रस्ता ओलांडण्यासाठी. मी बेंगळूरला नवा होतो. शिवाजीनगरच्या बसस्टँडसमोर वाहनांची रांग तुटायची वाट पाहत उभा होतो, तेवढ्यात एक किडकिडीत म्हातारी शेजारी आली आणि ओळख ना पाळख, तिने माझा पंजा असा आवळला की बोटे कळवळली. "अहो!" मी म्हणालो. त्याबरोबर तिचा चेहरा उजळला. "मराठी हायेस व्हय? बरं झालं. स्वल्प धर बाबा, मला लई भ्याव वाटतंय." 'स्वल्प' म्हणजे कानडीत जरासे, पण पलीकडे पोचल्यावरही तिने हात सोडला नाही. आम्हा दोघांना एकाच दाराशी जायचे होते.

तिथल्या एका जुन्या इंग्रजी चर्चच्या हॉलमध्ये दर रविवारी चार वाजता आमची मराठी मंडळी भरते. तेव्हा चाळीसेक माणसे होती. कुणाचा बाप्तिस्मा तान्हेपणी कपाळावर पाणी शिंपडून झालेला, कुणाचा मोठेपणी पाण्यात बुडवून. वसईकडची दोन कॅथलिक कुटुंबेही गाण्यांच्या ओढीने येत. आम्हाला स्वतःचा पाळक, म्हणजे पाद्री नव्हता, कारभार दोन पंच पाहत. मावशी मूळच्या नगरकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्या, इथल्या एका इस्पितळात आयाचे काम करून निवृत्त झाल्या आणि आता एकट्याच मागच्या गल्लीतल्या खोलीत राहत होत्या.

त्या कशालाही घाबरत. पालीला, लिफ्टला, कुकरच्या शिट्टीला. प्रार्थनेला उभे राहिलो की दोन्ही बाजूंच्या माणसांचे हात घट्ट धरत आणि त्यांनाही पुढच्यांचे धरायला लावत. नव्या माणसांना तो भक्तीचा प्रकार वाटे. "एकट्याचं भ्याव लई मोठं असतंय," मावशी म्हणत. "चौघांनी धरलं म्हंजी ते काय कमी व्हत न्हाई. पर उचलता येतं."

या भीतीचे मूळ त्यांनी मला एकदाच सांगितले. त्यांच्या गावात दोन मिशनांची दोन देवळे होती (चर्चला तिकडे देऊळच म्हणतात) आणि दोन कबरस्ताने, मध्ये एक भिंत. मावशी सात वर्षांच्या असताना वडील वारले. ते जन्मले एका मंडळीत आणि पुढे बुडवून बाप्तिस्मा घेतला दुसरीत. हे म्हणाले, तो तुमच्यात गेला. ते म्हणाले, वहीत नाव तुमच्याकडे आहे. सकाळपासून दिवस कलेपर्यंत प्रेत बैलगाडीत, भिंतीपाशी पडून राहिले. "मी बापाचा आंगठा धरून बसले व्हते," मावशी म्हणाल्या. "भांडत व्हती ती समदी देवाची मानसं. म्हनून तर भ्याव वाटलं. चोर असते तर मी वरडले असते."

आमच्या मंडळीत असे काही होईल हे मला स्वप्नातही वाटले नसते. पंचांपैकी एक पवारसर, निवृत्त शिक्षक, आवाज खणखणीत. दुसरा डॅनियल, संगणक कंपनीतला, चाळिशीचा, देवाच्या गोष्टींत तडजोड न करणारा. एका रविवारी साक्ष देताना, म्हणजे सगळ्यांपुढे आपला अनुभव सांगताना, डॅनियल बोलून गेला की तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे नुसते जावळ ओले करणे. सरांच्या नातवाचा बाप्तिस्मा आदल्याच आठवड्यात झाला होता. सर उठून उभे राहिले आणि त्यानंतर जे झाले ते मला लिहवत नाही. पुढच्या रविवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. डॅनियलची माणसे शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला त्याच्या घरी सहा वाजता जमू लागली.

मावशी चार वाजता इकडे येत आणि इथला आशीर्वाद होताच दोन बस बदलून सहाला तिकडे जात. बसलाही त्या घाबरतच. कंडक्टर "अक्का, अक्का" करत त्यांना चढवून घेई, आणि त्या त्याचाही हात धरत.

मी मंडळीचा चिटणीस, तोही फक्त अक्षर बरे म्हणून. सरांनी सभासदांची वही नव्याने लिहायला सांगितली. मावशींच्या नावाशी आलो तसे सर म्हणाले, "त्या तिकडे जातात ना? असू दे नाव तिकडेच." त्या इथेही येतात, एवढे एक वाक्य मला बोलायचे होते. मी सरांच्या तोंडाकडे पाहिले, घाबरलो आणि नाव गाळले. डॅनियलने आपली वही केली तेव्हा त्यानेही मावशींना घातले नाही, कारण त्याच्या मते त्या शिवाजीनगरच्या. दोन्हीकडे जाणारी बाई दोन्ही वह्यांतून गेली. मावशींना मात्र कुणी काही विचारले नाही.

तीन वर्षांनी मावशी छातीच्या दुखण्याने इस्पितळात पडल्या. मी भेटायला गेलो तर धाप आवरत त्यांनी पहिले विचारले, "चिटणीसा, माझ्या कागदाचं बघितलंस ना? गाडी उभी ऱ्हाऊ दिऊ नको."

आमची माणसे, ज्यांच्या हॉलमध्ये आम्ही भरतो त्या इंग्रजी चर्चच्या कबरस्तानात पुरली जातात, पण तिथे मंडळीचा कागद लागतो. वहीत नाव हवे आणि खाली दोन्ही पंचांच्या सह्या. डॅनियल वेगळा झाला तरी पंचपदावरून त्याचे नाव कुणी काढले नव्हते. कबरस्तानाचा कारकून सरळ म्हणाला, "नाव जिवंतपणी चढलेलं पाहिजे. मागाहून चढवलेलं आम्ही घेत नाही." डॉक्टर दोनतीन दिवसांपलीकडचे बोलत नव्हते.

मी मावशींना सगळे सांगून टाकले. "नाव मीच गाळलं, मावशी." त्या म्हणाल्या, "तवा तू बी भ्याला असशील," आणि माझा हात धरला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

सर म्हणाले, "आधी त्याला सही करू दे." बनशंकरीला डॅनियल म्हणाला, "सरांनी आधी करावी. नाव त्यांनी काढलंय." दोघांच्याही खिशाला पेन होते. परतताना रिक्षात डोळ्यांसमोर सारखी ती बैलगाडी येत होती, आणि या वेळी ती भिंतीपाशी मीच नेऊन उभी केली होती. मी दोघांना फोन करून एकच सांगितले, मावशी उद्या चारला बोलावतायत. दुसराही येणार आहे, हे दोघांनाही सांगितले नाही.

वॉर्डात एका वेळी दोनच माणसांना सोडत. मावशींची खाट दाराला लागूनच होती. मी वही घेऊन दारात उभा राहिलो. डॅनियल आधी आला. सर आले, त्याला पाहून मागे वळले, तोच मावशींनी त्यांचे मनगट पकडले. दुसऱ्या हाताने डॅनियलचे.

"सोडू नका. भ्याव वाटतंय मला." श्वास घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "सर, तुमी शिकल्यालं. डॅनियल, तू शास्तर वाचतोस. मला सांगा, मी कुनाची?"

मावशींनी आपल्या बापाच्या गाडीची गोष्ट सांगितली, थांबत थांबत, बैलांच्या रंगासकट. तेवढ्यात सिस्टर व्हीलचेअर घेऊन एक्स-रेला न्यायला आली. मावशींनी सरांचा हात डॅनियलच्या हातात दिला. "स्वल्प धरा. आलेच मी."

त्या गेल्या. रिकाम्या खाटेशी दोघे एकमेकांचा हात धरून उभे. आधी कुणी सोडायचा हे कळेना, आणि कुणीच सोडला नाही. बऱ्याच वेळाने सर हळूच म्हणाले, "मला भीती वाटतेय रे."

"मलाही, सर," डॅनियल म्हणाला.

मी वही आणि तिच्यात ठेवलेला कबरस्तानाचा कागद पुढे केला. मावशींचे नाव मी तिथेच वहीत आणि कागदावर लिहिले, आयुष्यातले सर्वांत वाईट अक्षर. डॅनियलने कागदाखाली वही धरली आणि सरांनी सही केली, मग सरांनी धरली आणि डॅनियलने केली. एक्स-रेहून आल्यावर मावशींनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "चालंल आता गाडी," म्हणाल्या आणि शांत झोपल्या.

त्या तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. कबरस्तानाच्या दाराशी मी कागद घेऊन आधीच उभा होतो. कारकुनाने सह्या पाहिल्या आणि हात वर केला. गाडी थांबलीच नाही, तशीच आत गेली.

आता सगळे पुन्हा चार वाजता शिवाजीनगरला जमतात. बाप्तिस्म्याच्या पाण्याचा वाद मिटलेला नाही आणि मिटेल असे वाटतही नाही. आवाज चढले की मला अजून धडकी भरते, आणि मी काही न बोलता शेजारच्याचा हात धरतो. परवा मात्र माझ्याआधी सरांनीच डॅनियलचा धरला. त्यानंतर अर्धा तास ते दोघे तसेच, हात न सोडता, भांडत होते.