म्हातारीला आता आवाज आहे

मंदारने आमच्या लहानपणीचा लाडका गेम पुन्हा विकत घेतलाय, नव्याने बनवलेला. जुन्या गेममध्ये गावाच्या वेशीवर एक म्हातारी उभी असायची. चार ठिपक्यांचा चेहरा आणि खाली इंग्रजीत दोन ओळी: माझा मुलगा डोंगरात हरवलाय, शोधशील? त्या ओळी आम्ही डिक्शनरी घेऊन लावल्या होत्या, आणि तिच्या मुलासाठी अख्खी सुट्टी डोंगर पालथा घातला होता.

आता तिला सुरकुत्या आहेत, ओले डोळे आहेत, खरा कापरा आवाज आहे. तिने तोंड उघडलं आणि मंदारने बटण दाबून तिला गप्प केलं.

"अरे, ऐक तरी!"

"तिचं रडगाणं पाठ आहे मला. तूच बस ऐकत."

ज्यांना आवाज नाही त्यांना आवाज द्या, असं मी चळवळीच्या पत्रकांत कितीदा लिहिलंय. किती भाबडी मागणी! देणारे आवाज खुशाल देतात. सोबत तो तोडायचं बटणही देतात, आणि आपण त्यालाच सुधारणा म्हणतो.

तेवढ्यात मंदारचे बाबा दारात आले. पायात चपला, हातात काठी. त्यांना बाहेर जायचं होतं, हे उघड होतं. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांना एकेक शब्द जमवावा लागतो.

"मं... मला... जरा..."

"पाणी ना? कळलं, बाबा." पडद्यावरची नजर न हलवता मंदारने बाटली मागे धरली.

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. ती फक्त मला दिसली, आणि मी पडद्याकडे बघू लागलो. मग तहान नसताना ते सगळं पाणी प्यायले.