आनंदरावमामांच्या हातचं नाक

वेल्ह्याच्या स्टँडवर उतरून आम्ही तासभर चाललो होतो, तरी वाडीची निम्मी वाट उरली होती. आनंदरावमामा पिशवी माझ्या हाती द्यायला तयार नव्हते. वळणावर वाडीतली ठकुबाई गवताचा भारा घेऊन खाली येत होती. म्हणाली, "मामा, देवीला भेटाय निघालासा, का तिलाच पिशवीत घातलीया?" एरवी मामांनी तिला उत्तर दिल्याशिवाय सोडलं नसतं. आज नुसते बाजूला झाले.

मामा आमच्याच वाडीचे. हायवेवरच्या वरवे गावाजवळ एका शेडमध्ये तीस वर्षं कथलाचं ओतकाम करतात. रबराच्या दोन जाड चकत्यांमध्ये नमुना दाबून रबर उष्णतेवर शिजवायचं, की साचा होतो. तो गरगर फिरवत मधल्या भोकातून वितळलेलं कथील सोडायचं, की फिरण्याच्या जोरानं ते कानाकोपऱ्यात जाऊन बसतं. पूर्वी मामा नमुने पितळेत कोरायचे. आता ते पुण्याहून यंत्रावर छापून येऊ लागलेत, प्लास्टिकसारखे.

यंदा गावानं देवीचा लहान मुखवटा घरोघर द्यायचं ठरवलं. गुरवकी आमच्या घरात; सासरे थकल्यापासून देवीचं न्हाणं माझ्याकडे आहे. पुण्याहून दोघं आले, त्यांनी देवीभोवती कॅमेरा फिरवला आणि आठवड्यात नमुना शेडवर पोचला. पाण्यातेलानं झिजलेलं नाकसुद्धा जसंच्या तसं आलं होतं म्हणे.

ओढ्याशी मामा दगडावर टेकले आणि न विचारता सांगू लागले. असला नमुना तापवायचा नसतो, न तापवता घट्ट होणारं रबर त्याच्यावर ओतायचं असतं. शेडच्या मालकांनी तसं सांगितलंही होतं. मामांनी पितळेच्या सवयीनं तो दाबात घातला. नमुना तडकला, नाकाचा टवका उडाला. आणि मालकांना मामा म्हणाले, की यंत्राचा नमुनाच कच्चा होता. तीस वर्षांच्या माणसाचा शब्द, मालकांनी तो मानला. नवा मागवण्यापेक्षा तुम्हीच नाक घडवा, म्हणाले.

मामांनी टवक्याच्या जागी पुट्टी भरून, घासून नाक घडवलं, थंड रबरात साचा केला आणि एक मुखवटा ओतून पाहिला. बाकीचे दोनशे उद्या ओतायचे होते.

त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला मुखवटा काढला. अर्ध्या तळहाताएवढा. देखणा होता. मी तसं म्हणणारच होते, पण त्यांनी हात वर केला.

"देखणा हाय, ते मलाबी दिसतंय. त्याचंच भ्या वाटतंय." मग मुखवटा माझ्यापुढं धरून म्हणाले, "सूनबाई, तुझा हात रोज तिच्या तोंडावरनं फिरतो. डोळं मीट आन् ह्याच्यावरनं आंगठा फिरव. ती न्हाई वाटली, तर न्हाई म्हण. मी माघारी जाऊन मालकास्नी खरं सांगतो. पर माझ्या वयाकडं बघून व्हय म्हणू नगंस."