पिंपाचा पत्रा

आमच्या चाळीच्या दरवाजात संगमरवरी पाटी बसणार आहे. मराठी माणसाला राज्य मिळालं, त्याच्या आनंदात. लालबागच्या आमच्या गल्लीतले जे लोक गोळीबारात गेले, त्यांची नावं तिच्यावर कोरायची आहेत. त्यात ह्यांचं नाव नाही. कारण हे त्या दिवशी गेले नाहीत. दोन वर्षांनी गेले, कमरेत तीच गोळी घेऊन.

त्या दिवशी हे मोर्चात नव्हते, खोटं कशाला लिहू? गिरण्या बंद होत्या, म्हणून मीच चक्कीवर दळण आणायला पाठवलं होतं. भिंतीला धरत धरत वर आले ते पिठाने पांढरे आणि खाली रक्ताने लाल. इस्पितळात न्यायचं तर तिथे पोलीस बसून नावं घेताहेत असं सगळे म्हणत होते. नाव गेलं की खटला आणि गिरणीतली नोकरीही जायची. शेजारची मालवणी मावशी परळच्या एका इस्पितळात आया होती. तिने जखम धुतली, पट्टी बांधली. गोळी काही निघाली नाही.

मग ह्यांनी मावशीला तिच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की हे कुणाला सांगायचं नाही. मला शपथ घातली नाही. ही कुठे बोलते, म्हणाले.

चाळीला सांगायचं काम मात्र माझ्यावर आलं. मोरीत पाय घसरला, पिंपाचा पत्रा कमरेत घुसला, असं मी सांगितलं. मी सहसा बोलत नाही, त्यामुळे बोलले ते सगळ्यांना खरं वाटलं. एका गृहस्थांनी तर हातोडी आणून आमच्या चांगल्या पिंपाची कड ठोकून वाकवली, पुन्हा कुणाला लागू नये म्हणून. तेव्हापासून पिंप गळतं.

जखम वरून मिटायची, आतून पू धरायची. ताप यायचा, उतरायचा. हे कामावर जायचे, परत घरी बसायचे. शेवटी गेले, तेव्हा डॉक्टरने मरणाच्या कागदावर ताप लिहिला. मावशी सांगते, तिच्या वॉर्डात असे आणखीही होते, महिन्यांनी गेलेले. कुणाच्या कागदावर कावीळ, कुणाच्या कागदावर अशक्तपणा. गोळी कुणाच्याच कागदावर नाही.

पाटीचं कळलं तशी मी मावशीकडे गेले. "आता तरी सांग की गं मावशी."

"गो बाये, झिलाच्या डोक्यार हात ठेवन शपथ घेतलंय मी. ज्यान घातल्यान, तेनाच सुटली म्हणूक व्हया. तो खंय आता?"

म्हणजे जिला माहीत आहे तिच्या तोंडाला कुलूप, आणि कुलूप काढणारा वर गेलेला. मला ह्यांचाच राग आला. मरायच्या आधी एक शब्द म्हणायला काय झालं होतं?

परवा चाळीची सत्यनारायणाची पूजा झाली. प्रसादाआधी चिटणिसांनी पाटीवरची नावं वाचली. ते वाचून झाल्यावर मी उठले.

"ह्यांचं नाव राहिलं," मी म्हणाले. "गोळी लागली होती."

"वहिनी, त्या दिवशी गेले त्यांचीच नावं आहेत."

"गोळी त्याच दिवसाची होती."

मागे कुणीतरी हसलं. चिटणीस वाईट माणूस नाहीत, त्यांनी आवाज खाली आणला. "अहो, तुम्हीच माझ्या आईला पिंपाचं सांगितलंत ना? त्या गृहस्थांनी पिंप ठोकून दिलं, मी स्वतः बघितलंय."

"खोटं सांगितलं होतं."

"मग खरं कुणाला ठाऊक आहे?"

मी मावशीकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. मावशी उठली, तोंड घट्ट मिटलेलं. पदर बाजूला करून तिने स्वतःच्या कमरेवर, उजव्या बाजूला, बोट ठेवलं. बोलायची शपथ होती, दाखवायची नव्हती.

चिटणीस म्हणाले, "तिथेच तर पत्रा लागला होता ना?"

तीर्थ घेऊन आम्ही दोघी वर निघालो. जिन्यात मी तिला अडवलं. "मावशी, मी त्यांची बायको. त्यांच्या वतीने मी म्हणते, सुटली. आता खाली चल आणि तोंडाने सांग."

मावशीने कठडा धरला. "तुझ्या म्हणण्यान सुटात?"

"न सुटायला काय झालं?"

"माझ्या एकटीचा काय नाय गो. डोक्या तेचा. तेका विचारूक व्हया."

तिचा मुलगा आता बोटीवर खलाशी आहे. गणपतीला येणार. पाटी बसवायला गवंडी सोमवारी येतो आहे.