मंगअण्णांचं सांगणं राहिलं

आमचे अण्णा "मंग" म्हणाले की माणसं आपला थांबा विसरायची. थाप नाही मारत, मी स्वतः पाहिलंय. जुन्नरहून निमगाव सावाला येणाऱ्या एसटीत अण्णा शेजारच्या पाव्हण्याला सिदा धनगराची कथा सांगत होते. सिदा मेंढरं घेऊन नदीच्या मधोमध अडकलेला, पाणी गळ्याशी आलेलं, आणि अण्णा म्हणाले, "मंग..." एवढं बोलून त्यांनी शांतपणे चंची सोडली, तंबाखू काढली, चुना लावला आणि मळायला घेतली. पाव्हण्याचा थांबा मागे गेला. घंटी द्यायची ज्याची जबाबदारी तो कंडक्टरही दांडीला धरून, मान वाकवून उभा. पाव्हणा शेवटी दोन मैल उलटा चालत गेला, पण उतरताना भांडला नाही. सिदा सुटला का, एवढंच त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, "उद्या याच गाडीनं या."

तेव्हापासून ते पंचक्रोशीत मंगअण्णा. माझे सख्खे चुलते. आमचं घर धनगराचं. आजोबांपर्यंत मेंढरांमागे कोकणापर्यंत चालत जायची रीत होती. माझ्या लहानपणी, म्हणजे नव्वदच्या आसपास, वाड्यावर पंचवीस-तीस मेंढरं तेवढी उरली होती. बाकी कांदा, आणि पारगावच्या कारखान्याला जाणारा थोडा ऊस. मेंढरं गेली तरी ओव्या राहिल्या होत्या. जत्रेत घोंगडी अंथरली जायची, ढोल लागायचा. आमच्या भावकीतले दगडूआप्पा ओवी गायचे, आणि गाऊन झालं की अण्णा पुढे सरकून तीच कथा बोलून सांगायचे. गाणारा वेगळा, सांगणारा वेगळा, असंच ते चालत आलेलं.

आप्पांचा आवाज असा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. अण्णांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "गाणं पाखरूबी म्हणतंय," ते म्हणायचे, "सांगाया माणूस लागतंय." आप्पांच्या तोंडावर म्हणायचे आणि आप्पा हसून सोडून द्यायचे. अण्णा स्वतः कधी एक ओळ गायले नाहीत. गोठ्यात नाही, आंघोळीला बसल्यावरसुद्धा नाही. एकदा काकीने चेष्टेत आग्रह केला, तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आमच्या घरात दोन दिवस अण्णांनी न बोलणं म्हणजे घरावर संकटच होतं.

त्यांचा एक नियम मात्र चेष्टेचा नव्हता. गायलेलं सांगितल्याशिवाय उठायचं नाही. सिदाच्या ओवीत पाणी गुडघ्याला येतं, कमरेला येतं, गळ्याला येतं. सिदा हाक मारतो, आणि देव येऊन पाण्यात उभा राहतो. गाणं तिथं संपतं. मेंढरं पार कशी झाली, हे सगळं सांगण्यात. देवाच्या आधाराने एकेक मेंढरू जातं, सगळ्यात शेवटी लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन सिदा जातो, आणि मग देव काठावर येऊन घोंगडी पिळतो आणि बसतो. "गाऊन सोडून दिलं तर द्येव तसाच गार पाण्यात उभा ऱ्हातो," अण्णा म्हणायचे. "कुणाची छाती हाय?" सांगणारा आजारी पडला, त्याचा घसा बसला, तर त्याच्या घरातल्या कुणीतरी सांगायचं. पण सांगायचंच.

मी लहानपणी हे सगळं त्यांच्याकडून घरात बसून शिकले. घरातच. जत्रेतल्या घोंगडीवर आमच्याकडे बाई बसत नाही. मी सांगायला लागले की हमखास लंगडं कोकरू विसरायची. मेंढरं पार, सिदा पार, देव बसला, झालं! अण्णा खाटेवर डाव्या हाताची थाप मारायचे. "कोकरू कुठाय?" की मी परत नदीत. पुढे जुन्नरला बारावी करून मी पुण्याला भाषाशास्त्र शिकायला निघाले तेव्हा भावकीला हसू आवरेना. बोलायला येतंय की पोरीला, मग भाषेला कॉलेज कशाला? अण्णा एकटे माझ्या बाजूने उभे राहिले. म्हणाले, "बोलणं माणसाच्या आत कुठनं येतं ते तिला बघायचंय. मलाबी बघायचंय."

ते बघायची वेळ अण्णांवरच यावी, याला काय म्हणायचं! मी पुण्यात संशोधनाला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी अण्णा मेंढरं सोडताना खाली बसले ते उठलेच नाहीत. लकवा. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. मी दवाखान्यात पोचले तर माझ्याकडे बघून त्यांचे ओठ हलले आणि बाहेर आलं, "मंग." पाणी हवं तरी मंग, उशी टोचतेय तरी मंग, काकीला हाक मारायची तरी मंग. सगळं समजत होतं त्यांना. नजर तीच होती, अगदी पहिल्यासारखी धारदार. आत सगळ्या गोष्टी जागच्या जागी होत्या आणि दाराला बाहेरून कडी होती.

दोन महिन्यांनी आप्पा भेटायला आले. काय बोलावं सुचेना म्हणून बिचारे खाटेशी बसून सिदाची ओवी गुणगुणू लागले. आणि अण्णा त्यांच्याबरोबर गाऊ लागले. शब्दन् शब्द स्पष्ट. पाणी, मेंढरं, घोंगडी, देव, जे शब्द एरवी जन्मात आले नसते ते सगळे चालीवर येत होते. काकी रडायला लागली, मी रडले, आप्पा गाता गाता रडले. अण्णाही रडत होते. आम्हाला वाटलं, आनंदाने. आयुष्यभर ज्याला पाखराचं काम म्हटलं तेवढंच आपल्याला उरलंय, हे त्यांना त्या घटकेला कळलं होतं. ते माझ्या डोक्यात शिरायला फार उशीर झाला.

माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच शिरलं होतं. मेंदूच्या ज्या बाजूला इजा झाली तिथे बोलणं असतं, गाण्याची वाट पुष्कळदा निराळी असते, हे मी पुस्तकात वाचलेलं. आता ते आमच्याच ओट्यावर खाटेवर बसलेलं. पुण्यातल्या माझ्या मार्गदर्शक मॅडम ऐकून खुर्चीतून उठल्याच. मेंदू, भाषा आणि संगीत यांवर अभ्यास करणाऱ्यांची परिषद पुण्यात भरणार होती, बाहेरदेशचे लोक येणार होते. मॅडमनी मला निबंध वाचायला सांगितलं आणि अण्णांना घेऊन यायलाही. त्याआधी चालीवर बोलणं शिकवून बघायचं ठरलं. मी गावी येऊन ओवीच्या चालीत "पाणी दे गं" बसवलं आणि अण्णांपुढे गाऊन दाखवलं. त्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. काकीने मला नंतर सांगितलं की तहानेने जीव गेला तरी तांब्याकडे नुसतं बघत बसतात, पण गाऊन मागत नाहीत. मी वहीत लिहिलं, 'रुग्णाचा प्रतिसाद नाही.' रुग्ण! ज्यांनी मला कॉलेजात पाठवलं ते.

परिषदेच्या दिवशी अण्णांना लाल पटका बांधला, खांद्यावर घोंगडी दिली आणि सूर द्यायला आप्पांनाही बरोबर घेतलं. दारात एका मुलीने त्यांच्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवली. अण्णांनी ती डाव्या हाताने उलटी करून बघितली. सभागृहात इतकी गार हवा सोडलेली की आप्पा कुडकुडत होते. पडद्यावर मेंदूची रंगीत चित्रं, दर दोन तासांनी चहा-बिस्किटं, आणि निबंध लांबला की वाजणारी घंटा. अण्णा पहिल्या रांगेत बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी वीस मिनिटं इंग्रजीत त्यांच्याबद्दल बोलले. त्यांचं नाव न घेता. रुग्णाला एकच शब्द येतो आणि तो निरर्थक आहे, कुठल्याही प्रश्नाला आपोआप बाहेर पडतो, असंही मी म्हणाले. ते मी लिहूनही दिलं.

मग अण्णांना वर नेलं. एका डॉक्टरांनी नाव विचारलं. "मंग." गाव विचारलं. "मंग." सभागृहात कुणीतरी हळूच हसलं. मग आप्पांनी सूर दिला आणि अण्णांनी सिदाची ओवी म्हटली. मला वाटतं, ती त्यांनी माझ्यासाठी म्हटली. पुतणीची नाचक्की होऊ नये म्हणून. पाणी गळ्याला आलं, सिदाने हाक मारली, देव पाण्यात उभा राहिला आणि गाणं संपलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. व्हिडिओवाला चित्रीकरण करत होता. सत्राच्या अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि आभार मानले.

अण्णा जागचे हलले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी माइकचा दांडा धरला आणि म्हणाले, "मंग..." लोक बसले. अण्णांच्या कपाळावर शीर उभी राहिली. "मंग... मंग..." एवढ्या गारठ्यात त्यांना घाम फुटला होता. शब्द कुठेतरी अगदी ओठांच्या आत येऊन अडकले होते आणि ते त्यांना ढकलत होते. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, "मंग." पहिल्या दोन-तीन रांगांतले लोक वहीत काहीतरी टिपून घेत होते. मागे पुढचा वक्ता कागद घेऊन ताटकळत होता. मला घाई झाली आणि, खोटं कशाला बोलू, लाजही वाटली. मी त्यांच्या कोपराला धरलं. "अण्णा, झालं आता. चला, जेवायचंय." त्यांनी दांडा सोडला. माझ्याबरोबर खाली आले.

जीपने गावी परतलो. अण्णांना खाटेवर निजवल्यावर आप्पांनी मला अंगणात बोलावलं. म्हणाले, "द्येव पाण्यात उभा ठिवून उठवलंस त्यास्नी, पोरी." तरी मी भांडले. तुम्ही तिथे होतात, तुम्ही का नाही सांगितलंत?

"मी गाणारा. सांगणारं घर तुमचं. अण्णा तुलाच म्हणत व्हतं की, मंग."

मी म्हटलं, आपल्यात बाई सांगत नाही.

आप्पा आयुष्यात कधी कुणाला लागेल असं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "वीस मिन्टं इंग्रजीत त्यांच्यावर सांगितलंस, तवा बाई न्हवतीस?"

त्या दिवसानंतर अण्णांनी तोंड मिटलं. गाणं तर नाहीच, मंगसुद्धा नाही. आणि मी त्या सात मिनिटांच्या चित्रफितीत अडकले. निबंध छापून आला, नाव झालं, जिथे तिथे परिषदांची बोलावणी. लोकांना हवी असायची ती अण्णांची फीत. ती टाळ्यांवर संपायची, पुढचं कुणीतरी कापून टाकलेलं. गार सभागृहात दिवे मालवले जायचे, देव पाण्यात उभा राहायचा, टाळ्या, चहा. पाच ठिकाणी हे केलं मी. नोकरीच त्यावर लागायची होती, नाही कोणत्या तोंडाने म्हणू? गावी जायचं मात्र टाळत राहिले. परीक्षा आहेत, तपासणी आहे. काकीने फोनवर एकदाच विचारलं, "आमी काय तुला परकी झालो का गं?" आणि मी त्या शनिवारी एसटी धरली.

अण्णा ओट्यावर खाटेवर होते. पार काटकुळे झाले होते. मला बघून त्यांनी मान फिरवली. मी आप्पांना बोलावून आणलं, ओट्यावर घोंगडी अंथरली आणि तिच्यावर बसले. भर दुपारी, रस्त्यावरून दिसेल अशी. शेजारचे दोघे-तिघे येऊन उभे राहिले, एकजण काहीतरी पुटपुटला, काकीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. आप्पा ओवी गायले. देव पाण्यात उभा राहिला. आणि मी सांगायला लागले. आवाज इतका कापत होता की परिषदेत कधी कापला नसेल. पहिलं मेंढरू गेलं, दुसरं गेलं, कळप पार झाला, सिदा काठाला लागला. देव आता वर येणार म्हणून मी श्वास घेतला.

खाटेवर थाप पडली. डाव्या हाताची.

"मंग?"

दोन वर्षांनी आलेला शब्द. मान माझ्याकडे वळलेली, आणि डोळ्यांत तो जुना राग. कोकरू! मी लंगडं कोकरू विसरले होते. मी रडत, हसत परत नदीत शिरले, सिदाला मागे फिरवलं, कोकरू त्याच्या खांद्यावर दिलं, पलीकडे आणलं. मग देव वर आला, त्याने घोंगडी पिळली आणि तो बसला. अण्णांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. काकीने तांब्या पुढे केला, तो त्यांनी डाव्या हाताने धरून घटाघटा रिकामा केला.

त्याच हिवाळ्यात अण्णा गेले. फीत मी आता कुठे दाखवत नाही. पण छापलेला निबंध काही परत घेता येत नाही, तो माझ्या नावावर तसाच आहे. अजून एखाद्या परिषदेत चहाच्या वेळी कुणी तरुण अभ्यासक येतो आणि माझं तेच वाक्य मला आदराने म्हणून दाखवतो, की रुग्णाला एकच शब्द येत होता आणि तो निरर्थक होता. मी त्याला म्हणते, ते वाक्य चूक आहे, मीच लिहिलंय आणि चूक आहे. तो गोंधळतो, हातातला कप खाली ठेवतो आणि विचारतो, "मग?"

तेव्हा मी खुर्ची ओढते आणि त्याला सिदा धनगराची कथा सांगते. कोकरासकट.