ओल्या गोणपाटातली पानं

ती ओली पानं मी अजून विसरलेले नाही. पोलीस ठाण्यात मी पुष्कळ वर्षं झाडलोट केली, आता घरीच असते.

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखानदाराच्या बायकोनं फोन केला. लेकीच्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या आणि तोडे कपाटातून गेले होते. संशय मोलकरणीवर. ती सकाळी धुणीभांडी करायची आणि उरलेला दिवस घरी विड्या वळायची.

फौजदार साहेबांनी चौकशीला बसवल्यापासून ती सारखी दाराकडं बघत होती.

"साहेब, मला घरला सोडा की. लई उशीर झालाय."

"घरी काय लपवलंयस?"

तिनं मान खाली घातली. साहेबांचा संशय पक्का झाला. समोरच कारखानदार चहा पीत बसला होता.

मी पाणी दिलं तेव्हा ती कुजबुजली, "अक्का, विडीची पानं भिजवून ठेवलीत. वाळली की तुटत्यात. विडी कारखान्यातनं दुसरी देत न्हाईत, पदरचं घालावं लागतंय."

"मग साहेबांना सांग की."

"सोनं गेलंय म्हणत्यात, आन् मी पानांचं सांगू? हसतील."

घरझडतीला सोबत आणखी एक बाई हवी म्हणून मलाही नेलं. महिला पोलिसानं डबे, गोधड्या सगळं उपसलं. सोनं नव्हतं. कोपऱ्यात गोणपाटात पानं होती, कडा वळायला लागल्या होत्या. मी त्यांच्यावर तांब्याभर पाणी शिंपडलं.

परत आल्यावर मी भीत भीत साहेबांना पानांचं सांगितलं. त्यांच्यापुढं एवढं मी कधीच बोलले नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कारखानदाराकडं वळले.

"शेठ, दागिने सापडले का, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. पेपरात येणार नाही ना, हे मात्र तीनदा विचारलंत."

त्यानं कप खाली ठेवला आणि कबूल केलं. सोनं त्यानंच गहाण टाकलं होतं, बायकोला न सांगता.

"व्याह्यांना कळलं तर सोयरीक मोडेल, साहेब. मला उधारीवर सूत कोण देईल मग?"

मी सुन्न झाले. ती चार तास त्याच्यासमोर हात जोडत होती आणि हा चहात बिस्किट बुडवत होता. त्याची भीतीही खोटी नव्हती, याचाच मला जास्त धक्का बसला. तेवढ्या भीतीपायी त्यानं तिला तुरुंगात जाऊ दिलं असतं.

साहेबांनी त्याला माफी मागायला लावली. ती ऐकायला थांबलीच नाही. मी तिच्या मागोमाग गेले. उपसलेल्या घराकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही, सरळ गोणपाटात हात घातला.

"वली हायत की गं!" म्हणाली, आणि तेव्हा कुठं मोठ्यानं रडली.

त्यानंतर ठाण्यात एखादी बाई सारखी दाराकडं बघायला लागली, की पाणी देताना मी हळूच विचारायचे, "घरी काय ठेवून आलीस?"