हंसाचा अंगठा

सातपाटीच्या आमच्या आळीत फोनवरचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं माणूस एकच, हंसा. बाकी आम्ही सगळ्या नुसत्या बोटं फिरवणाऱ्या. हंसाची शाळा चौथीत सुटली, अक्षरं विसरली. मुलाने, ललितने, फोन दिला तेव्हा ती पुन्हा वाचायला शिकली. ओळीखाली बोट धरून वाचायची सवय, पण बोट लागलं की स्क्रीन सरकायची आणि कुठल्यातरी मिक्सरचं नाहीतर पैंजणांचं दुकान उघडायचं. "मी वाचतंय ना, मंग ह्यो मधी कशाला कडमडतो?" म्हणून ती फोनलाच शिव्या घालायची. शेवटी तिने बोंबील सुकवायच्या मांडवाच्या बांबूची एक काडी काढली. कोरड्या काडीला फोन दाद देत नाही. ती ओळीखाली धरून हंसा सावकाश, ओठ हलवत वाचायची.

बायकांच्या ग्रुपवर हवामानाचा निरोप येतो. धोका असला तर हंसा आळीभर ओरडत सुटायची, नसला तर ग्रुपवर अंगठ्याचं चित्र टाकायची. तो अंगठा बघून आम्ही बोंबील वाळत ठेवायचो. म्हणजे वाचायचं हिने आणि निवांत राहायचं आम्ही. काय म्हणावं या आळसाला!

दिवाळीनंतरची गोष्ट. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून हंसा दोरीवर टांगत होती, हात बरबटलेले. तिचा फोन सुनेकडे, मोनालीकडे होता. हवामानाचा निरोप आला आणि त्याच्या मागोमाग आळीतल्याच हेमालीने साड्यांच्या सेलची लिंक टाकली, 'फक्त आज संध्याकाळपर्यंत'.

"काय लिवलंय गो?" हंसाने विचारलं.

"हवा कोरडी हाय, आई."

"शेवटपरत वाचलंस?"

"हो वो!"

साफ खोटं. दोन ओळींखाली 'अधिक वाचा' होतं, त्याला मोनालीने हातही लावला नाही. सासूच्या नावाने अंगठा टाकला आणि साड्यांत शिरली. हंसाचा अंगठा दिसला म्हटल्यावर कोणीच बोंबील काढले नाहीत, आम्हीही साड्याच बघत बसलो.

दुसऱ्या सकाळी पाऊस कोसळला. सुकत आलेला माल भिजून फुगला, त्याला वास सुटला. सगळ्या बायका हंसाच्या दारात, हेमाली सर्वांत पुढे. "तुजा अंगठा बगून ठेवलं आमी!"

हंसाला काहीच कळेना. तिने काडी घेतली, निरोप उघडला आणि सगळ्यांसमोर खालच्या ओळी वाचल्या. 'उद्या सकाळपासून जोरदार सरी. सुकत घातलेली मासळी आजच काढून घ्यावी.' मोनाली रडायला लागली, तिने कबूल केलं. लगेच सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. मीही मोनालीला सुनावणार होते, पण हंसा माझ्याआधी कडाडली.

"हिला मी बगते घरात. पन तुमचं काय? तुमच्याकडं फोन नाय? त्या साडीचा रंग वाचलात, काठ वाचलात, आवडली नाय तर परत कशी धाडायची तेबी वाचलात. आन् निरोपातल्या आपल्या पोटाच्या चार ओली तुमाला वाचाया जमल्या नाय?"

बोंबील खतात गेले. साड्या मात्र वेळेवर घरपोच आल्या, त्यांच्या वाटेत पाऊस आला नाही.

त्या दिवसापासून हंसा वाचते, पण अंगठा टाकत नाही. परवा पुन्हा निरोप आला. हेमाली ओल्या बोंबलांची टोपली घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"हंसाबाय, टांगू काय गो?"

"निरोपाची शेवटची ओल काय हाय?"

हेमाली हसली. "तूच सांग की. हात भरलंत माजं."

हंसा हसली नाही. टोपलीतलं पाणी उंबऱ्यावर गळत होतं.

"हात धू," ती म्हणाली, "आन् वाच."